खंजिरीला दांडा

बँजो म्हटले की आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वरातीतले ते बटनांचे वाद्य उभे राहते. टाइपरायटरसारखी बटने, त्यांखाली ताणलेल्या तारा आणि कर्ण्यातून अख्ख्या गावाची झोपमोड! खरे म्हणजे ते बुलबुलतरंग. १९१२ साली जपानात, नागोया शहरी, मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य काढले, त्याचा हा आपल्याकडचा वंशज. बँजो हे नाव त्याने दुसऱ्याच्या घरून उचलले.

मूळ बँजो निराळा. गोल कड्यावर ताणलेले कातडे, त्याला लांब दांडा, दांड्यावरून तारा. भजनी मंडळातल्या एका वृद्ध बुवांना मी त्याचे चित्र दाखवले. ते न्याहाळून बुवा म्हणाले, “हे त खंजिरीलेच दांडा लावला ना बापा!” याहून सोपे वर्णन मला कुठल्या पुस्तकात मिळाले नसते.

या वाद्याचा जन्म मात्र सुखाचा नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी गावाकडच्या आठवणीवरून, भोपळ्यावर कातडे ताणून ते पुन्हा घडवले. पुढे ते गोऱ्यांच्या हाती गेले आणि मूळ धन्यांचा लोकांना विसर पडला. बेला फ्लेक हा नामांकित बँजोवादक २००५ साली युगांडा, टांझानिया, गांबिया आणि माली या देशांत हिंडला, तो या मुळाच्या शोधात. आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन यांच्या तबल्याबरोबरही तो पुष्कळ वाजवला.

या फ्लेकची पत्नी अॅबिगेल वॉशबर्न. तीही बँजोच वाजवते. नवराबायको एकच वाद्य घेऊन समोरासमोर बसली तर भांडण ठरलेले, असे तुम्हांला वाटेल. पण दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. तो तीन बोटांनी तारा छेडतो, तर ती नखाचा आघात वरून खाली देते आणि अंगठ्याने आखूड तार वाजवते. २०१४ साली दोघांच्या नावाने त्यांचा अल्बम निघाला. मूल लहान होते, म्हणून ध्वनिमुद्रण घरीच केले. साथीला दुसरे कुणी नाही. लहानमोठे बँजो आणि दोन माणसे, बस्स! २०१६ साली त्याला लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

मला पारितोषिकापेक्षा त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. ‘प्रिटी पॉली’ हे तिकडचे जुने लोकगीत त्यांनी घेतले आहे. त्यात प्रियकर विश्वासाने बरोबर आलेल्या पोरीचा खून करतो. अशी गाणी तिकडे ढिगाने आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या ती गोड चालीत गाइली गेली. वॉशबर्नबाईंनी जुने गाणे फाडून टाकले नाही. ते गाइले आणि त्याच अल्बमात ‘शॉटगन ब्लूज’ हे स्वतःचे गाणे जोडले. त्यात बाई मारेकऱ्याला जाब विचारते. चाल लोकगीताच्या वळणाची, पण बोल मेलेलीच्या बाजूचे.

परंपरेत भर घालायची ती अशी. आमच्या आयाबायांना हे शिकवावे लागले नाही. जात्यावर बसली की प्रत्येकजण आजीची ओवी गाई आणि तिच्या मागे आपल्या सासरची एक जोडी. आमच्याच जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी तीच जुनी खंजिरी हाती घेतली. पण तिच्यावर ग्रामसफाई आणि स्वातंत्र्य आणले. १९४२ साली सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. खंजिरी नुसती करमणुकीची असती तर सरकार कशाला घाबरते?

आज आमच्या गावात तंटा आहे तो हाच. म्हातारे म्हणतात, पोरांनी कर्णे लावून वाट लावली. पोरे म्हणतात, भजन म्हणजे रडगाणे. दोघे एकमेकांचे ऐकत नाहीत आणि मधल्यामध्ये चाली मरताहेत. म्हाताऱ्यांबरोबर जी चाल जाईल ती कुठल्याही बाजारात विकत मिळणार नाही.

म्हणून दिवाळीला घरी आलेल्या पोरांना माझे एवढेच सांगणे. फराळ झाला की बटनांचा बँजो घेऊन देवळात जा, पण कर्णा घरी ठेवा. बुवांची एक चाल बोटांत बसवा. ती बसली की मग तुमचे स्वतःचे एक कडवे जोडा. बुवा रागावतील, रागावू द्या. दुसऱ्या दिवशी तेच विचारतील, “काल ते काय वाजोलं रे?”