बसला म्हणजे जमला?

अमेरिकेत जुनं काही दुरुस्त करत नाहीत, सरळ फेकून देतात, असा आपल्याकडे एक लाडका समज आहे. तो घेऊन एकदा मिशिगनला या. चाळीस-चाळीस वर्षांच्या बोटी इथे लोक जिवापाड जपतात आणि हिवाळाभर घरच्या गॅरेजात त्यांची इंजिनं उघडून बसतात. जुगाडही अगदी आपल्यासारखाच करतात. माझं भांडण त्या जुगाडाशी आहे.

मित्राच्या बोटीत शेव्हरोलेचं १९८६ च्या आधीचं ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन होतं. क्रँकशाफ्ट खराब झाला. मेकॅनिक म्हणाला, "४०० चा क्रँक टाकू, ताकदही वाढेल." सल्ला मुळात चूक नाही. स्ट्रोक ३.४८ ऐवजी ३.७५ इंच मिळतो. मेन जर्नल २.६५ वरून २.४५ इंचांपर्यंत तासले की तो ३५० च्या ब्लॉकमध्ये बसतो. जुनं फ्लायव्हीलही त्याच भोकांवर बसतं.

बसलं की सगळं! पण ३५० चा हा जुना क्रँक स्वतःचा स्वतः तोललेला असतो, ४०० चा नसतो. त्याचा उरलेला तोल पुढच्या बॅलन्सरवरच्या आणि मागच्या फ्लायव्हीलवरच्या जादा वजनाने साधतात. हे दोन्ही भाग जुनेच ठेवले तर तोल सांभाळणार कोण? मध्यापासून १० सेंटिमीटरवर फक्त १०० ग्रॅमचा फरक धरा. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर तो सुमारे १८० किलोच्या जोराने बेअरिंगला ओढतो, प्रत्येक फेरीत. कार उतारावर, सिग्नलला जरा दम खाते. बोट मात्र सतत पाणी ढकलत असते.

दुसरी गंमत. दोन इंजिनांच्या जुन्या बोटींत बरेचदा एक इंजिन उलटं फिरतं. क्रँकच्या मागच्या सीलपाशी तेल आत परतवणाऱ्या तिरप्या रेघा असतात. सुलट्या इंजिनाचा क्रँक तिथे टाकलात तर त्याच रेघा तेल बाहेर काढतात. तोही 'बसतो'च!

मित्राचं इंजिन दुसऱ्याच रविवारी तळ्याच्या मध्यावर बंद पडलं. बोटीत दोन लहान मुलं. तिथे खाली उतरून धक्का मारता येत नाही.

क्रँक बदलू नका असं मी म्हणत नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बॅलन्सर, फ्लायव्हील सगळं क्रँकसोबत नेऊन तोलून घ्या, फिरण्याची दिशा तपासा. हा खर्च वाचवण्याला हुशारी म्हणू नका.

असो. यापुढे कोणी कौतुकाने "बसला!" म्हणाला, तर एवढंच विचारा: तोलला का?