मामा, गाडी चालवून सांगा!



या सदरात आपण भविष्यनिर्वाह निधी, कॉलेजची फी, पतपेढीचे कर्ज, लग्नातला वायफळ खर्च अशा विषयांवर बोलत असतो. आज मात्र तुम्हाला मर्सिडीज गाडीत बसवून एक चक्कर मारून आणणार आहे. हसू नका. ही चक्कर शेवटी आपल्याच घरातल्या हिशेबाच्या वहीपाशी येऊन थांबणार आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "जयभीम मामा! आज सुट्टी आहे ना? तळवड्याला या. एक गाडी बघितलीय. तुम्ही चालवा आणि कशी आहे ते सांगा."

भाचा तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. महिन्याला 95 हजार हातात पडतात. घरात तो, त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची. वडील नाहीत. दोन खोल्यांचे भाड्याचे घर.

त्याचा फोन ठेवतो न ठेवतो तोच ताईचा फोन. "भाऊ, त्याने पंचवीस हजार टोकन दिलंय. मला त्यातलं काही कळत नाही. तू हिशेबाचा माणूस. गाडी चालव आणि खरं काय ते सांग. तुझं तो ऐकतो."

माझी तेरा वर्षांची वॅगनआर घेऊन निघालो. वाटेत मनाशी वाक्य तयार करून ठेवले होते : "अरे, आपल्याला कशाला हवीत असली थेरं?" हे वाक्य मी बोललो की नाही, ते पुढे कळेलच.

गाडी होती मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन. पांढरी, 2021 सालची, जुन्या गाड्यांच्या दुकानातली. किंमत 26 लाख. सहा लाख रोख आणि वीस लाखांचे कर्ज, असा भाच्याचा बेत. लिमोझिन म्हटल्यावर लांबलचक गाडी डोळ्यांपुढे येते, पण ही त्या घराण्यातली धाकटी. युरोपात हिला लहान म्हणजे 'कॉम्पॅक्ट' गाडी समजतात. लांबी साधारण साडेचार मीटर. आपल्याकडे करासाठी लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवर 18 टक्के आणि मोठ्या व चैनीच्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी झाला. म्हणजे तिकडची लहान ती आपल्याकडे मोठी! 2021 च्या मार्चमध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा पेट्रोल गाडीची शोरूमची किंमत 39 लाख 90 हजार होती. त्यावर महाराष्ट्राचा 13 टक्के वाहन कर, म्हणजे पाच लाखांच्या वर रक्कम नुसत्या करातच.

दुकानाचा एक मुलगा माझ्या शेजारी बसला. मागे ताई, भाचा आणि मधोमध भाची. बसतानाच पहिली गोष्ट लक्षात आली. वॅगनआरमध्ये आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो. या गाडीत खाली उतरून बसावे लागते. ताईला साडी सावरत, दाराला धरून बसावे लागले. मधल्या जागेवर पायाखाली उंचवटा, त्यामुळे भाचीचे गुडघे वर. चार माणसांना ऐसपैस, पाचव्याला दाटी.

पुढे बसलेल्या माणसाचे मात्र काम छान. स्टिअरिंगमागे दोन मोठे पडदे शेजारी शेजारी. बटन दाबले तर इंजिन सुरू झाल्याचे कळलेही नाही. "हे मर्सिडीज" असे म्हटले की गाडी बोलते. भाचीने तिला थंड हवा वाढवायला सांगितली, तिने वाढवली.

गिअरची काडी मधे नाही. ती स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला आहे, आणि इंडिकेटर डाव्या बाजूला. आपल्या मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. व्हायचे तेच झाले. डावीकडे वळायचे म्हणून सवयीने उजव्या हाताची काडी वर ढकलली आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेली. ॲक्सिलरेटर दाबतो तर नुसता आवाज. मागून टेम्पोवाल्याने हॉर्नचा धडाका लावला. दुकानाचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं." चूक गाडीची नव्हती, माझ्या हाताच्या सवयीची होती.

इंद्रायणी ओलांडून आम्ही निघोज्याकडे निघालो. थोडा मोकळा रस्ता मिळाला. वाचकहो, खरे सांगायचे वचन ताईला दिले होते, म्हणून तुम्हालाही खरेच सांगतो. गाडी फार सुंदर चालते. इंजिन 1332 सीसीचे, पण टर्बो असल्यामुळे ताकद 163 हॉर्सपॉवर, माझ्या गाडीच्या दुपटीहून अधिक. पाय थोडा दाबला की गाडी पुढे झेपावते. सात गिअर आपोआप बदलतात, कधी बदलले ते समजत नाही. वळणावर अंग कलत नाही. ब्रेक असा लागतो की मागच्या माणसाच्या हातातला चहा सांडू नये. बाहेर ट्रक, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या यांचा गोंगाट, आत मात्र वाचनालयासारखी शांतता. गतिरोधक आला की तेवढे जपावे लागते. गाडी जमिनीजवळ असल्यामुळे तो तिरका आणि हळू घ्यायचा.

निघोजे आणि कुरुळीच्या शिवारात मर्सिडीजचा कारखाना आहे. 1994 साली ही कंपनी भारतात आली, तेव्हा तिच्या गाड्या पिंपरीला टेल्कोच्या आवारात जुळवल्या जात. 2009 मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. आम्ही बसलो होतो ती ए-क्लासही याच कारखान्यात जुळवलेली.

ताईने चौदा वर्षे या औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, ठेकेदाराकडे, पोळ्या लाटल्या. याच रस्त्याने तिची बस जायची. काचेतून बाहेर बघत ती म्हणाली, "ट्रेलरवर झाकून चाललेल्या गाड्या रोज बघितल्या. आतून कशी असते ते आज कळलं."

गाडीत कोणी बोलले नाही. माझे तयार केलेले वाक्य तिथेच घशात अडकले.

कारण "आपल्याला कशाला?" हे वाक्य आले कुठून? बोनेटवरचा तो तारा आपल्या माणसांना नवा नाही. 1954 मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघाले. 1969 पर्यंत तो करार चालला. त्या ट्रकांच्या तोंडावर हाच तारा होता. ज्या हमालांनी त्या ट्रकांत पोती चढवली, त्यांना तारा परका नव्हता. परकी होती ती मऊ गादी. आज या पट्ट्यात आपलीच मुले नट आवळतात, रंग देतात, गाड्या तपासतात. मग त्यातल्या एखाद्याला आत बसावेसे वाटले, तर ती थेरं कशी? चांगल्या वस्तूची इच्छा धरणे हा गुन्हा नाही. तुमची पायरी ही नव्हे, असे सांगणारे जगात पुष्कळ आहेत. घरच्या मामाने तरी त्यांची री ओढू नये.

म्हणून ते वाक्य मी सोडून दिले आणि घरी आल्यावर वही मागितली.

वीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता बसतो 42,494 रुपये. पाच वर्षांत व्याजच जवळजवळ साडेपाच लाख. दुकानदाराने विम्याचा आकडा वर्षाला 84 हजार सांगितला होता, म्हणजे महिन्याला सात हजार. शहरातल्या गर्दीत पडद्यावर मायलेज अकराच्या आसपास दिसत होते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर 91 लिटर पेट्रोल. त्या दिवशीच्या 104 रुपये भावाने साडेनऊ हजार. सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ दुरुस्ती यांसाठी सहा हजार बाजूला काढलेच पाहिजेत. जुनी झाली तरी गाडी चाळीस लाखांची आहे. तिचे सुटे भाग सव्वीस लाखांच्या भावाने मिळत नाहीत. बेरीज झाली 65 हजार.

95 हजारांतून 65 हजार गेले. उरले 30. त्यातून घरभाडे 16 हजार. उरले 14 हजार. त्यात तिघांचे खाणेपिणे, वीज, औषधे आणि भाचीची फी.

भाचा म्हणाला, "मामा, वर्षाला पगार वाढतो."

मी म्हणालो, "वाढतो, मान्य. पण तुला या गाडीच्याच नावाची एक गोष्ट सांगतो. 1997 साली पहिली ए-क्लास बाजारात आली. स्वीडनमध्ये एका मासिकाने तिची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखे जनावर आडवे आले तर गाडी झटकन वळवून पुन्हा सरळ करता येते का, हे बघायचे होते. गाडी उलटली. जगभर गाजावाजा झाला. कंपनीने काही महिने विक्री थांबवली, गाडीत सुधारणा केली आणि घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. सरळ रस्त्यावर ती गाडी चांगलीच होती. परीक्षा झाली ती अचानक आलेल्या वळणावर. तुझे हे बजेट सरळ रस्त्यावर चालेलही. पण आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले, कंपनीने माणसे कमी केली, तर ते उलटणार नाही ना, एवढेच बघ."

भाचा गप्प झाला. मग त्याने वही स्वतःकडे ओढली आणि बेरीज पुन्हा करून बघितली. बेरीज तीच आली.

मी एक उपाय सुचवला, तो तुमच्याही उपयोगाचा आहे. "गाडी आज घेऊ नको. पण हप्ता आजपासून भर. बँकेत वेगळे खाते काढ आणि दर एक तारखेला 42,494 रुपये त्यात टाक. सहा महिने. घरातली कोणतीही गरज न अडता ते जमले, तर तुझ्याकडे अडीच लाखांच्या वर रक्कम जमेल, कर्ज तेवढे कमी लागेल, आणि मी स्वतः पेढे घेऊन येईन. नाही जमले, तर पैसे तुझेच आहेत, गेले कुठेच नाहीत."

"तोवर ही गाडी दुसरा कोणीतरी नेईल," भाची म्हणाली.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नेऊ दे. चाकणला रोज गाड्या बनतात."

जाता जाता एक गोष्ट मायबहिणींसाठी. मी गाडी सुरू करण्याआधी मागच्या तिघांना पट्टे लावायला लावले. ताई म्हणाली, "मागं कशाला लागतो पट्टा?" लागतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मर्सिडीज गाडीला अपघात झाला. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ दोघेही गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी लाखांची असो की शेअर रिक्षावाल्याची जुनी व्हॅन असो, जिथे पट्टा आहे तिथे तो लावा. त्याला हप्ता पडत नाही.

2024 मध्ये आपल्या देशात सुमारे 43 लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांत मर्सिडीजच्या होत्या 19,565. म्हणजे दोनशेवीसात एक. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात ती उभी राहील. पण हप्ता तर सगळ्यांच्या दारात उभा असतो. मोटारसायकलचा, मोबाईलचा, फ्रिजचा, मुलीच्या लग्नातल्या सोन्याचा. एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा : दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलेल्या दर लाखाला महिन्याला 2,125 रुपये. व्याज जास्त असेल तर हप्ता त्याहून मोठा. वस्तू आणण्याआधी तो हप्ता सहा महिने स्वतःच्या खात्यात भरून बघा. मुलांनी मोठे स्वप्न सांगितले तर "आपल्याला कशाला?" म्हणून त्यांचे तोंड बंद करू नका. त्यांच्यापुढे वही ठेवा. नाही म्हणायचेच झाले तर ते वहीने म्हणावे.

भाच्याला टोकनचे पैसे परत मिळाले. एक तारखेला त्याने पहिला हप्ता नव्या खात्यात भरला आणि पावतीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिले होते, "मामा, एक झाला. पाच राहिले."

आणि ताईने मला वेगळे सांगून ठेवले आहे : पुढच्या वेळी जरा उंच सीटची गाडी बघायला सांग.