वीज वाचते ती छपरात!

चैत्र सरतो न सरतो तोच गोव्यातील घराघरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. अंगाला चिकटून राहणारा घाम, मध्यरात्र उलटली तरी न निवणाऱ्या भिंती, आणि महिनाअखेरीस हाती पडणारे विजेचे वाढते बिल! बिल पाहून गृहस्थ वीज खात्याला बोल लावतो, खाते नागरिकांना काटकसरीचा उपदेश करते, आणि पहिला पाऊस पडताच दोघेही तो विषय विसरून जातात. अनावश्यक दिवे मालवावेत, पंखे बंद करावेत, हा उपदेश चुकीचा आहे असे कोण म्हणेल? परंतु रोगाचे मूळ बटणापाशी नाही. घरातील विजेचा सर्वांत मोठा ग्राहक कोणतेही यंत्र नसून ज्या घरात ती यंत्रे बसविली आहेत ते घरच आहे, ही गोष्ट आम्ही अद्याप ध्यानात घेतलेली नाही.

प्रश्न केवळ बिलाचा असता तर त्यासाठी अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. गोव्याला लागणारी बहुतांश वीज गोव्याबाहेर निर्माण होते. कोरबा आणि विंध्याचल येथील औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो तेव्हा आमच्या पणजी-मडगावचे दिवे लागतात. ही वीज सह्याद्री ओलांडून यावी लागते, आणि मागणी वाढली की तिच्यासाठी नव्या वाहिन्यांचा प्रश्न उभा राहतो. तमनार प्रकल्पाच्या वाहिनीसाठी मोलेच्या अरण्यातून मार्ग काढण्याचा घाट घातला गेला तेव्हा, २०२० साली, गोव्यातील तरुण पिढी रस्त्यावर उतरली. त्या आंदोलनाबद्दल आम्हास आदरच आहे. पण मोलेच्या झाडांसाठी घोषणा द्यावयाची आणि घरी परतून तापलेल्या स्लॅबखाली वातानुकूल यंत्र रात्रभर चालवावयाचे, या दोन गोष्टींची संगती आपण सर्वांनीच एकदा लावून पाहिली पाहिजे.

आमच्या पूर्वजांनी ही संगती न बोलता लावली होती. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, उतरते छप्पर, भोवती पडवी, मध्यभागी तुळशी वृंदावन असलेले राजांगण, हा घराचा घाट केवळ शोभेसाठी नव्हता. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने दमट उष्मा, अशा हवामानाला दिलेले ते विचारपूर्वक उत्तर होते. पडवी भिंतीवर ऊन पडूच देत नसे. राजांगणातून तापलेली हवा वर निघून जाई व तिच्या जागी पडवीकडून वारा आत येई. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. ती प्रकाश देत, पण उन्हाची तिरीप मऊ करीत. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर जी मंगळुरी कौले या किनाऱ्यावर सर्वत्र पसरली, त्यांच्या सांध्यांतूनही गरम हवेला वाट मिळत असे.

मात्र जुन्या घरांचे गोडवे गाऊन प्रश्न सुटणार नाही. राजांगणाचे चौसोपी घर हे भाटकाराच्या ऐपतीचे काम होते. मुंडकाराच्या वाट्याला मातीच्या भिंती आणि झावळ्यांचे छप्परच होते. वासे वाळवी खाते, माकडे कौले फोडतात, दर वर्षी शाकारणी करण्यास माणूस मिळत नाही. तेव्हा ज्यांनी स्लॅबचे घर बांधले किंवा सदनिका घेतली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो स्लॅब स्वीकारताना छाया आणि वारा ही दोन तत्त्वे टाकून देण्याचा. सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण अंथरुणावर पाठ टेकली की तेच ऊन खोलीत ओकू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसा हा प्रकार आहे. आग लागलेली असते छपराला, आणि आपण भिंतीवरील यंत्रावर पैसे ओततो!

मग करावयाचे काय? पहिले काम छपराचे. गळती थांबविण्यासाठी स्लॅबवर पत्र्याचे किंवा कौलांचे दुसरे छप्पर घालण्याची रीत गोव्यात आता रूढ झाली आहे. ते छप्पर पावसाबरोबर उन्हालाही अडविते, पण त्याच्या बाजू उघड्या असतील तरच. बाजू बंद करून तेथे अडगळीची खोली केली, की छत्रीची भट्टी झालीच म्हणून समजावे. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी पावसाळा संपताच गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तरी पुष्कळ ऊन परतून जाते. दुसरे काम पश्चिमेच्या भिंतीचे. तिच्यावर रुंद छज्जा, बाहेरून बांबूचा पडदा किंवा अंगणात एखादे झाड हवे. ऊन काचेतून आत आल्यावर आतल्या पडद्याने अडविणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी घालण्यासारखे आहे.

तिसरे काम वाऱ्याचे. आमच्या दमट हवेत पाण्याचे कूलर कामाचे नाहीत. घाम वाळविणारा वारा हाच येथे खरा गारवा. त्यासाठी समोरासमोर खिडक्या हव्यात आणि त्या पूर्ण उघडणाऱ्या हव्यात. हल्लीच्या सरकत्या काचेच्या खिडकीची अर्धी बाजू कायमचीच बंद असते, हे किती जण घर घेताना पाहतात? वातानुकूल यंत्र बसवावयाचेच असेल, तर त्यासाठी एकच खोली राखावी, तिच्या फटी बुजवाव्यात आणि उरलेले घर वाऱ्याला मोकळे ठेवावे. यंत्राचे तापमान एक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाचा अंदाज आहे. २४ अंशांवर यंत्र ठेवून वर पंखा लावला, तर कुडकुडणे टळते व झोपही लागते.

यंत्रांची पाळी येते ती यानंतर, आणि तेथेही साधा हिशेब डोळे उघडतो. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे वीस युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील, तर ऐंशी! दिव्यांच्या बाबतीत हे परिवर्तन यापूर्वीच घडले आहे. साठ वॅटचा बल्ब जाऊन नऊ वॅटचा एलईडी दिवा आला आणि कोणाच्याही घरी अंधार पडला नाही. छपरावर सौरपट्ट बसविण्यासाठी २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्याचा लाभ जरूर घ्यावा. पण गळका हंडा आधी सांधावा आणि मग विहिरीवर जावे, हा क्रम आमच्या गृहिणींना सांगावा लागत नाही.

येथवर झाली गृहस्थाची कर्तव्ये. परंतु सारा भार त्याच्याच शिरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ज्या भिंती आणि खिडक्या तीस वर्षांचे बिल ठरवितात, त्या बांधणारा वेगळा आणि ते बिल भरणारा वेगळा, हेच आजच्या गृहबांधणीतील मूळ दुखणे आहे. विटेची जाडी, छज्जाची रुंदी आणि खिडकीचे माप यांत बिल्डर जे वाचवितो, ते सदनिकाधारक दरमहा व्याजासह फेडीत राहतो. बाजार हे दुखणे बरे करणार नाही. तेथे कायदाच हवा.

तो कायदा कसा असावा, हे शोधण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. भिंतींतून व काचांतून किती उष्णता आत यावी, छपराने किती अडवावी, याची मर्यादा तीत घालून दिली आहे. आमच्यासारख्या उष्ण व दमट प्रदेशात उघडणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असेही ती सांगते. पडवी आणि राजांगण जे सांगत होते तेच आता आकड्यांत सांगितले गेले आहे, एवढेच! पुढे २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या. तथापि अशा संहिता राज्याच्या बांधकाम नियमांत उतरल्या आणि नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर त्यांची पडताळणी झाली, तरच त्यांना अर्थ असतो.

म्हणून आमचे सरकारास आग्रहाचे सांगणे आहे. या संहितेतील अटी पूर्ण केल्याविना एकाही नव्या निवासी संकुलास भोगवटा दाखला देऊ नये. सदनिकेच्या जाहिरातीत पोहण्याच्या तलावाबरोबर छपराचा आणि खिडक्यांचाही तपशील देणे बंधनकारक करावे. पंचायतींनी आणि पालिकांनी आपल्या कार्यालयांच्या गच्चींपासून सुरुवात करून लोकांसमोर उदाहरण ठेवावे. फ्रिज घेताना आम्ही त्यावरील तारे मोजतो. ज्या घरासाठी जन्माची पुंजी ओततो, त्याच्या छपराविषयी मात्र एक अक्षर विचारीत नाही. ते विचारण्याची सवय गोमंतकीय ग्राहकाने लावून घेतली, तर बिल्डरही सुधारेल आणि सरकारही. सह्याद्रीचे अरण्य वाचवावयाचे असेल, तर त्या लढ्याचा एक मोर्चा आपल्या स्वतःच्या गच्चीवर आहे. पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी तेथे चढून एकदा पाहावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.