आवाज चांगला की आवाज़ अच्छी?

फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. संगीताचं वर्णन लिहिताना विशेषणं सारखी चुकत होती. "सर, उर्दू मीडियमवाल्यांचं हे काम नाही."

मला हे अजिबात पटलं नाही. मराठीत आवाज चांगला असतो, उर्दूत आवाज़ अच्छी होती है. आमची मुलं हे लिंग रोज बदलतात. फ्रेंच मात्र त्यांना इंग्रजीतून शिकवतात, जिथं विशेषण जागचं हलतच नाही! ते उर्दू-मराठीतूनच समजवायला हवं.

फ्रेंचमध्ये ताल पुल्लिंगी: 'ल रित्म ए लाँ', ताल संथ आहे. सुरावट स्त्रीलिंगी, म्हणून 'ला मेलोदी ए लाँत'. शेवटचा त आता ऐकू येतो. 'त्रिस्त' मात्र दोन्हीकडे तेच, आपल्या 'उदास'सारखं.

नामाचं लिंग पाठच करावं लागतं, हे खरं. तरी मौसिक़ी आणि 'म्युझिक' दोन्ही स्त्रीलिंगी, दोघींचं मूळ ग्रीक. मराठी संगीत तेवढं नपुंसकलिंगी, आणि फ्रेंचमध्ये ते लिंगच नाही.

फोनवरच विचारलं, "संगीत सुंदर आहे, कसं म्हणशील? 'बो' की 'बेल'?"

"मौसिक़ी... मग बेल. ला म्युझिक ए बेल."