सेवेच्या नावाखाली जागरण

22 मार्च 2020 च्या सायंकाळी पाच वाजता देशभरातील गच्च्या-गॅलऱ्यांतून टाळ्या-थाळ्यांचा नाद उमटला. वैद्यकीय सेवकांविषयीची ती कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु कृतज्ञता व्यक्त केली की कर्तव्य संपले, असे मानण्याची सवय मध्यमवर्गीय समाजाला जडली आहे. तिची किंमत सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टर मोजत आहेत.

निवासी डॉक्टर हा कागदोपत्री पदव्युत्तर विद्यार्थी. प्रत्यक्षात मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचा डोलारा त्याच्याच खांद्यावर उभा असतो. सकाळचा राउंड, मग बाह्यरुग्ण विभाग, दुपारी वॉर्ड, रात्री इमर्जन्सी, आणि उजाडल्यावर जागा घ्यायला दुसरा कोणी नसल्याने पुन्हा तोच राउंड. अशी एकेक ड्युटी 36 तासांची होते. केंद्र शासनाच्या 1992 च्या निर्देशांत सर्वसाधारणपणे सलग 12 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती 74 तासांच्या मर्यादेची! बत्तीस वर्षांत मर्यादा खाली येण्याऐवजी वर चढली, हे कोणाला खटकले काय? याच कृतिदलाच्या पाहणीत सहभागी झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे नोंदवले आहे.

9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्यातील सरकारी रुग्णालयात प्रदीर्घ ड्युटीवर असताना सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. देश सुरक्षेच्या प्रश्नावर पेटून उठला, ते योग्यच होते. परंतु रात्री पाठ टेकण्यासाठी तिला सेमिनार हॉल का शोधावा लागला, हा प्रश्न त्या संतापात मागे पडला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात 36 तासांच्या ड्युटीविषयी तीव्र चिंता व्यक्त केली, एवढेच.

‘आम्हीही असेच शिकलो’, हे ज्येष्ठांचे ठरलेले उत्तर. सोसणे म्हणजेच शिकणे, अशी ही समजूत आहे. अलीकडे त्यावर योगवर्ग आणि समुपदेशनाचा उतारा सांगितला जातो. दोन्ही उपयुक्तच, पण रात्रभर जागलेल्याला सकाळी सहा वाजता प्राणायामाला बोलावणे ही थट्टा आहे. चरकसंहितेने आहाराबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. तो स्तंभ काढून घ्यायचा आणि वर खंबीर मनाची अपेक्षा धरायची, हे कोणत्या शास्त्रात बसते?

सेवाकार्यात मुरलेल्या कार्यकर्त्याने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. तो आपला वेळ स्वेच्छेने देतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो. निवासी डॉक्टरला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नसते, कारण त्याची परीक्षा आणि पदवी त्याच विभागप्रमुखाच्या हाती असते. अशा सक्तीला सेवा म्हणणे हा सेवा या शब्दाचाच अवमान होय. रस्त्यातील खड्ड्यांविषयी नगरसेवकाला जाब विचारणाऱ्या नागरिकाने पालिका रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला सकाळी कोण मोकळे करते, हेही त्याच बैठकीत विचारावे.