११४ मढी आणि चार महिने

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. मी माणसाबद्दल बोलतच नाही, खुर्चीबद्दल बोलतो.

मधुकर पिचड ६ डिसेंबर २०२४ ला नाशकात गेले. आपण त्या दिवशी चैत्यभूमीच्या रांगेत होतो. पिचड राजूरचे. मीही राजूरचा. ते विधानसभेत गेले, मी गोदीत. त्यांच्यावर चार ओळी लिहायचा हक्क मला तेवढ्यानं मिळतो.

हिशेब मांडू. अकोल्याची पंचायत समिती. मग १९८० ला आदिवासींसाठी राखीव असलेल्या अकोले मतदारसंघातून आमदार. तिथून लागोपाठ सात वेळा, २०१४ पर्यंत. महादेव कोळ्याचं पोर सह्याद्रीच्या कुशीतून उठून आदिवासी विकास मंत्री होतं, ही काय खायची गोष्ट नाही. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात बजेटमध्ये वेगळा पैसा ठेवायची पद्धत १९९३ नंतर सुरू झाली, तीही त्यांच्याच काळात. हे नाकारणारा खोटारडा.

पण २३ नोव्हेंबर १९९४.

नागपूरला अधिवेशन. गोवारींचा मोर्चा. बाया, पोरं, म्हातारे, गुरं राखणारी माणसं. मागणी एकच : आम्हाला आदिवासी म्हणा. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ अडवून धरले. मंत्री येतील, निवेदन घेतील म्हणून दिवसभर उभे. मंत्री आले नाहीत. संध्याकाळी लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली. ११४ मढी पडली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण हा आकडा मला पाठ आहे.

कोणी म्हणेल, गोवारींची मागणी पिचडांना पटत नव्हती. नसेल. आदिवासींच्या यादीत कोणी घुसू नये म्हणून ते जन्मभर भांडले, तो त्यांचा हक्क. पण नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसासमोर जाऊन 'नाही' म्हणायला काय लागतं? छातीच लागते ना!

आता दुसरी बाजू बघा. लाठी आदिवासी खात्याची नव्हती, गृहखात्याची होती. सरकार शरद पवारांचं होतं. राजीनामा कोणाचा? आदिवासी मंत्र्याचा. न्यायमूर्ती दाणींचा आयोग बसला, त्यानं कोणालाच दोषी धरलं नाही. आणि मार्च १९९५ मध्ये, चारच महिन्यांत, तेच पिचड विधानसभेत विरोधी पक्षनेते! ११४ जिवांची शिक्षा चार महिने. २०१३ ला तर पुन्हा तेच आदिवासी विकास खातं. गोवारींना मात्र सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं, तुम्ही आदिवासी नाही.

दोस्तांनो, राखीव खुर्चीची गोम इथंच आहे. जागा राखीव, पण तिकीट पक्षाचं. बाबासाहेबांनी पुणे करारानंतर हाच धोका ओरडून सांगितला होता : आपला माणूस निवडून येईल, पण दुसऱ्याच्या मेहेरबानीनं. तो खाली बघत नाही, वर बघतो. वरचे त्याला ढाल करतात. लोकांचा राग आला की ढाल पुढं, राग ओसरला की ढाल पुन्हा भिंतीवर, पॉलिश मारून.

मग खुर्ची वतन होते. २०१४ ला जागा पोराकडे. २०१९ ला बापलेक भाजपात. झेंडा बदलला, वतन तेच. लोकांनी किरण लहामटेंना निवडून देऊन वतन मोडलं. २०२४ ला पोरगा अपक्ष उभा राहिला, तेव्हाही पाडला. शाब्बास अकोले!

पण वतन मोडलं म्हणून पोट भरत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून भरतंय. पाणी खालच्या उसाला जातं आणि वरचा ठाकर, कोळी पाऊस सरला की नारायणगाव-आळेफाट्याला मजुरीला उतरतो. राजूरला आदिवासी प्रकल्पाचं ऑफिस आहे. आमदार आमचा, मंत्री आमचा, ऑफिस आमच्या गावात. मग ही माणसं डोंगर का उतरतात?

म्हणून सांगतो, आपला माणूस खुर्चीवर बसला की ढोल वाजवू नका. गोदीत क्रेन बोजा उचलते तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत नाही, साखळीवर नजर ठेवतो. आपल्या आमदारावर, मंत्र्यावर आणि चळवळीतल्या आपल्याच पुढाऱ्यांवरही तशीच नजर ठेवा. मोर्चा दारात आला की जो बाहेर येऊन उभा राहील तो आपला. जो आत बसून राहील तो जातीनं आपला असेल, बाकी कशानंच नाही.