पोरीच्या राख्या आणि जवानाचा ऊस

कार्यक्षेत्रातील एका गावच्या सहावीतल्या मुलीने यंदा राखीपौर्णिमेआधी घरीच राख्या केल्या. सामान काय, तर रेशमी दोरा, लोकर, थोडे मणी आणि जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद. दहा रुपयांना एक याप्रमाणे शाळेत व आठवड्याच्या बाजारात त्या विकल्या आणि जमलेले पैसे सैनिकांसाठी म्हणून गुरुजींच्या हवाली केले. गुरुजींनी ते ध्वजदिन निधीत भरून पावती तिच्या हातात दिली. गावाने शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. योग्यच झाले. परंतु पोरीला शाल घातली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आम्हांस वाटत नाही.

सभासद बंधुभगिनींनो, ध्वजदिन आपल्याला नवा नाही. शाळेत असताना तांबड्या, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या रंगाचा तो छोटा झेंडा आपण टाचणीने छातीला लावला आहे. ते रंग म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. १९४९ सालापासून दरवर्षी ७ डिसेंबरला हा दिवस पाळला जातो. लढाईत कामी आलेल्यांची कुटुंबे, जखमी होऊन अपंग झालेले जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी हा पैसा असतो. आपल्याकडे तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गोळा होतो व त्याची रीतसर पावती मिळते. तेव्हा सैनिकांच्या नावाने कोणी डबा वाजवीत आला, तर आधी पावती मागावी. मागायला लाजायचं कशाला? त्या पोरीनेही पावती घेतलीच की!

आता कोणी म्हणेल, उसाच्या बिलातून टनामागे काही कपात करा आणि निधीला देऊन टाका. आम्हांला हे पटत नाही. कपातींना आपला सभासद सरावला आहे. बिलात आणखी एक ओळ वाढली तर तो ती वाचणारसुद्धा नाही. जे द्यायचे ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने द्यावे.

पण पैशाहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. ७ डिसेंबर येतो तो ऐन गळिताच्या धामधुमीत. त्या दिवसांत सीमेवरच्या जवानाच्या घरी काय चालते? घरी म्हातारे आईबाप, नाहीतर एकटी बायको. उसाची पाळी येऊन जाते, पण टोळी फडात येत नाही. गट ऑफिसला हेलपाटे घालायला माणूस नाही, मुकादमाला गाठायला कोणी नाही आणि 'खुशाली'शिवाय कोयता चालत नाही. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटते, पुढच्या खोडव्याचेही नुकसान होते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली 'जय जवान, जय किसान' म्हटले, तेव्हा जवान आणि किसान ही दोन माणसे धरली. आपल्या गावांत ती एकाच घरात, एकाच सातबाऱ्यावर आहेत.

पाळी मोडून जवानाचा ऊस पुढे न्यावा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केले तर उद्या जो तो दाखला घेऊन उभा राहील. आमचे म्हणणे एवढेच की, त्याची पाळी आली की त्याला टोळी मिळावी. त्यासाठी लागणीची नोंद घेतानाच सेवेतील सैनिक व वीरपत्नी यांच्या उसापुढे खूण करावी. गट ऑफिसच्या फळ्यावर ती यादी तारखांसह लावावी. त्या फडातून कोणीही खुशाली घेणार नाही, ही जबाबदारी शेतकी खात्याने आणि त्या गावच्या सभासदांनी मिळून उचलावी. ह्याला कारखान्याचा एक पैसाही जादा लागत नाही.

संचालक मंडळाने हा विषय येत्या सभेपुढे घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मंडळाचा निर्णय होईपर्यंत शेजाऱ्यांनी तरी वाट पाहू नये. शेजारच्या जवानाच्या फडाची तारीख लक्षात ठेवणे आणि त्याच्या म्हाताऱ्या बापासोबत एकदा गट ऑफिसला जाऊन येणे, एवढे तर आपण ह्याच हंगामात करू शकतो.